शब्दचर्चा: जीन्सचा ‘काठ’, ‘कोरी’ जीन्स आणि रंग ‘उतरणं’

दीड वर्षापूर्वी जपानी कापडाची जीन्स घेतली. चौरस यार्डाला १४ औंस वजनाच्या कापडाची, सेल्व्हेज, म्हणजे विणलेल्या कडेची. पहिल्या दिवशी घालून अंगणात उभा होतो, पायाच्या घड्या बाहेर दुमडलेल्या. आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, घरात आजोबांच्या आधीपासून कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा माग. आजोबांची नजर आता अधू झाली आहे. ते वाकले, दुमडीतली पांढरी पट्टी आणि तिच्यातला लाल धागा दोन बोटांत धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा तं धोट्याच्या मागावरचा काठ हाये. कोनं विनलं गा?”

तोवर सहा महिने मी नुसतं ‘सेल्व्हेज, सेल्व्हेज’ करत होतो. मागावरच्या माणसानं बोट लावून एका शब्दात सांगितलं.

इंग्रजीत हा शब्द ‘सेल्फ’ आणि ‘एज’ मिळून झाला, म्हणजे कापडाची स्वतःचीच कड. बाणा म्हणजे आडवा धागा, तो वाहून नेतो तो धोटा. बाण्याचा धागा धोट्याबरोबर एका टोकाला जातो, वळतो आणि तोच धागा परत येतो. म्हणून कड उसवत नाही. बिनधोट्याच्या मोठ्या मागांवर प्रत्येक बाणा कडेला तुटलेला असतो, झालर राहते, आणि शिवताना ती ओव्हरलॉक करावी लागते. धोट्याच्या मागाचा पन्हाही लहान, साधारण २८ ते ३२ इंच. मोठ्या मागाचा ६० इंचांच्या आसपास.

जपानी लोक या काठाला ‘मिमी’ म्हणतात, म्हणजे कान. लाल धाग्याचा काठ तो ‘आकामिमी’, लाल कान. जांघेपाशी पडणाऱ्या फिक्या रेषा म्हणजे ‘हिगे’, दाढीमिशा. गुडघ्यामागं उमटणारी जाळी ‘हाचिनोसु’, मधमाशांचं पोळं. रंग जाण्याला ‘इरोओची’: इरो म्हणजे रंग, ओची म्हणजे पडणं, गळणं. त्यांनी घरातलेच शब्द कामाला लावले. मग आपण त्या जाळीला ‘मोहोळ’ का म्हणू नये? आणि मुख्य प्रश्न: ‘फेडिंग’ला काय म्हणायचं? ‘विटणं’ मला सोसवत नाही. विटलेली वस्तू टाकून देतात, इथं तर माणसं त्या रंगासाठी वर्ष-वर्ष एकच पँट घालतात.

पवनीहून

भाऊ, एक दुरुस्ती. काठ म्हणजे विणून काढलेली पट्टी. आपल्या करवतकाठी साडीचा काठ बघा, करवतीच्या दातांसारखा, तो अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो आणि त्यासाठी वेगळा धोटा चालवावा लागतो. तुमच्या जीन्सची ती नुसती कड आहे. काठ हा शब्द इतका स्वस्त करू नका. मी स्वतः मागावर बसते, म्हणून लिहिलं.

मूळ लिहिणारा

ताई, करवतकाठीच्या मेहनतीशी बरोबरी नाहीच. पण धोतराचा काठ आठवा. तो बोटभरसुद्धा नसतो, तरी आपण ‘लाल काठाचं धोतर’ म्हणतो, ‘लाल कडेचं’ म्हणत नाही. जीन्सची पट्टी त्या धोतराच्या जातीची आहे, आणि तिच्यातला तो रंगीत धागा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, मुद्दाम घातलेला असतो, कापड कोणाचं हे ओळखू यावं म्हणून. कड कापलेल्या कापडालाही असते. काठ विणावाच लागतो.

हिंगणघाटहून

माझं शिवणाचं दुकान आहे. जीन्सचं कापड म्हणजे डेनिम, आणि तुम्ही मंडळी ज्याला ‘रॉ डेनिम’ म्हणता त्याला शब्द शोधायची गरजच नाही. ते ‘कोरं’ कापड. पाणी न लागलेलं, खळ अंगात असलेलं, हातात घेतलं की करकरणारं. कोरा कागद, कोरा चहा, कोरं लुगडं, तसं.

कोरी पँट आणि पाण्यातून काढलेली पँट यांचं माप एक नसतं, हे दुकानात रोज समजावून सांगावं लागतं. कापड आधीच दाबून आटवून घ्यायची पद्धत सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन माणसानं काढली, १९३० मध्ये त्याचं पेटंट मिळालं, त्यावरून ‘सॅनफोराइज्ड’. ते न केलेलं कापड पहिल्या पाण्यात शेकडा आठ-दहापर्यंत आटतं. ३४ इंच लांबीची पँट तीन इंच वर चढली तर घोटे उघडे पडतात, मग माझ्याकडे येऊन उपयोग काय? आधी भिजवा, वाळवा, मग लांबी कमी करायला आणा. कंबर अंगाच्या उबेनं आणि ओढीनं पुन्हा थोडी सैल पडते, लांबी मात्र गेली ती गेली. आणि या तिरक्या विणीच्या कापडाचा पाय धुतल्यावर पिळतो, बाजूची शिवण नडगीवर येते. तो शिंप्याचा दोष नव्हे, विणीचा गुण आहे.

‘फिट’साठी आमच्याकडे गिऱ्हाईकच शब्द घेऊन येतं: तंग, ढगळ, भोंगळ, आणि नीट जमली तर ‘अंगाबेताची’. याच्याहून चांगला शब्द मला ठाऊक नाही. खालची दुमड साखळी टाक्यानं शिवली तर काही महिन्यांत तिथं दोरीच्या पिळासारखा रंग उमटतो. साध्या टाक्यानं तो तसा येत नाही. त्याला मी ‘पीळ’च म्हणते.

यवतमाळकडून

आमच्याकडे सरळ ‘रंग जाते’ म्हणतात. बाजारात कापड घेताना माय पहिलं विचारायची, रंग पक्का हाये का कच्चा? आता कच्च्या रंगाले जास्त पैसे देनं म्हनजे मले समजलं नाई. कोनी सांगता का?

अचलपूरहून

मी सांगतो. बत्तीस वर्षं गिरणीत काढली. डेनिमला ताणा निळा आणि बाणा पांढरा. ताण्याचे तीन धागे वर, एक खाली, अशी वीण, म्हणून बाहेरून निळं आणि आतून पांढुरकं दिसतं. ताण्याच्या सुताचे जाड दोर करून नीळीत बुडवतात, बाहेर काढून हवा देतात, पुन्हा बुडवतात. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. तिचं रूप बदलून विरघळवावी लागते, आणि हवेत आली की ती पुन्हा निळी होऊन धाग्यावर बसते. अशा झटपट बुडवण्यात ती सुताच्या पोटात पोचत नाही, सालीसारखी वर राहते. म्हणजे हा रंग पाण्याला बराच पक्का आणि घासण्याला कच्चा. जिथं मांडी घासते, खिशात पाकीट राहतं, तिथं साल जाते आणि पांढरा गाभा दिसतो. तुमच्या मायचा प्रश्न बरोबर होता, फक्त ‘कशाला पक्का’ हे पुढं विचारायचं. (पांढऱ्या धोतराला शेवटच्या पाण्यात देतात ती नीळ वेगळी, गल्लत नको.)

काठ असला की कापड भारी, असंही धरून चालू नका. धोट्याच्या मागावर भिकार सूतही विणता येतं. खरी करामत सुतात आणि रंगात आहे. हिरोशिमा प्रांतातल्या काइहारा घराण्यानं १८९३ मध्ये सुरुवात केली ती नीळीत रंगवलेल्या ‘कासुरी’ कापडानं, म्हणजे सूत आधी बांधून रंगवून नक्षी काढलेल्या कापडानं. डेनिमसाठी दोर रंगवण्याकडे ते १९७० मध्ये वळले. कुराबो गिरणीचं ‘केडी-८’ हे जपानात विणलेलं पहिलं डेनिम १९७३ चं. अमेरिकेचे जुने माग जपाननं उचलून नेले, ही गोष्ट फार सांगितली जाते, ती खोटी आहे. ते वापरत होते टोयोडाचे माग. टोयोडाचा स्वयंचलित ‘जी’ माग १९२४ चा, आणि पुढची टोयोटा मोटार त्याच घरातली.

सूत मुद्दाम कुठं जाड, कुठं बारीक ठेवतात. जाड जागा वर येतात आणि आधी झिजतात, म्हणून उभ्या फिक्या धारा पडतात. त्याला जपानीत ‘ताटेओची’ म्हणतात, उभं गळणं. आपल्या चरख्याच्या सुताला जे वैगुण्य म्हणून हिणवलं, तेच तिथं जपून घडवलं जातं. मला याचं वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं.

मूळ लिहिणारा

काका, ‘घासण्याला कच्चा’ हे मी वहीत लिहून ठेवलं.

एक भर. ‘डंगरी’ हा इंग्रजी शब्द मूळ आपल्याकडचा. डोंगरी नावाचं जाडंभरडं सुती कापड इथून जायचं, मुंबईची डोंगरी त्याच नावाची. म्हणजे कामाच्या कापडाचं नाव आपण एकदा दिलेलं आहे.

आता ‘फेडिंग’. चार शब्द घासून पाहिले. ‘विटणं’ नको, कारण सांगितलंच. ‘उडणं’ उन्हानं होतं, पडद्याचा रंग उडतो. ‘मुरणं’ लोणच्याला शोभतं, पण मुरताना गोष्ट आत जाते, इथं बाहेर पडते. उरला ‘उतरणं’. रंग उतरतो, म्हणजे कमी होतो. आणि भाकरी चांगली उतरली, साडी मागावरून छान उतरली असंही आपण म्हणतो, म्हणजे जशी व्हायला हवी तशी झाली. जाणं आणि जमून येणं, दोन्ही एकाच क्रियापदात. जपानी ‘ओची’ही खाली येण्याचाच शब्द आहे.

काल तीच जीन्स घालून आजोबांसमोर बसलो, मुद्दाम काही विचारलं नाही. मांडी डेअरीच्या कॅनला घासून पांढुरकी, गुडघ्यामागं मोहोळ, डाव्या खिशावर मोबाईलचा चौकोन. त्यांनी पुन्हा घडी उलटून काठ पाहिला आणि म्हणाले, “रंग उतरला बरा. काठ सुटला नाई.”

पवनीहून

आजोबाच काठ म्हणतात, तर माझी हरकत मागे. पण करवतकाठीला ‘सेल्व्हेज साडी’ म्हणालात तर पुन्हा लिहीन.

हिंगणघाटहून

‘मोहोळ’ घेतलं. आज एका पोराची पँट आली होती, पावतीवर लिहिलं: कोरी, दोन इंच आखूड, साखळी टाका, काठ कापू नये.