ग्लायडरचा प्रवाह वळवताना स्नार्क का विस्कटतो?

प्रश्न

कॉनवेच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये (पेशींच्या जाळीवर दर पिढीला ठरावीक नियमांनी पेशी जगतात किंवा मरतात, असा हा खेळ) ग्लायडरांना, म्हणजे कर्णरेषेवर सरकत जाणाऱ्या छोट्या आकृत्यांना, संदेशवाहक मानून मी एक लहानसे तर्कमंडल जुळवत आहे. ठरलेल्या वेळी ग्लायडर आला तर १ आणि नाही आला तर ०, असा साधा संकेत ठेवला आहे. उगमाशी गॉस्परची गन आहे, जी दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर सोडते, आणि काटकोनात वळण हवे तिथे स्नार्क, म्हणजे ग्लायडर वळवणारे स्थिर परावर्तक, बसवले आहेत. एकटा ग्लायडर आला तर स्नार्क त्याला व्यवस्थित वळवतो आणि स्वतः पुन्हा पूर्ववत होतो. परंतु गनचा अखंड प्रवाह त्याच वाटेने सोडला की दुसऱ्याच ग्लायडरला तो विस्कटतो आणि थोड्याच वेळात आसपासच्या जाळीत नुसता कचरा पसरतो. १०१०१० असा संकेत मात्र सुखरूप पार पडतो. प्रत्येक ग्लायडर नेमक्या वाटेवर येत असूनही असे का व्हावे, आणि प्रवाह विरळ न करता वळण घेता येईल का?

उत्तर १

वाट बरोबर आहे, घाई चुकीची आहे. स्नार्क ही स्थिर आकृती असली तरी ग्लायडर आदळल्यावर तिचा काही भाग मोडतो, त्या मोडतोडीतून काटकोनात नवा ग्लायडर निघतो आणि मगच ती आकृती मूळ जागी पुन्हा उभी राहते. दोन ग्लायडरांमध्ये किमान ४३ पिढ्यांचे अंतर असेल तरच हे निर्धोकपणे घडते. आपल्या गनचे अंतर ३० आहे, त्यामुळे दुसरा ग्लायडर अर्धवट सावरलेल्या स्नार्कवर येऊन आदळतो. १०१०१० मध्ये तेच अंतर ६० होते, म्हणून तो संकेत निभावतो. (४३ हा आकडा मोठा वाटत असेल तर १९९६ मधल्या पहिल्या स्थिर परावर्तकाला सावरायला ४८४० पिढ्या लागत, हे ध्यानात घ्यावे. माइक प्लेल यांनी स्नार्क शोधला तो २०१३ मध्ये.)

प्रवाह तितकाच दाट ठेवायचा असेल तर बकारू हा दुसरा परावर्तक वापरावा. क्वीन बी शटलचे (पुढेमागे ये-जा करणाऱ्या आकृतीचे) एक टोक ईटरने (आदळणारे गिळून स्वतः टिकणाऱ्या स्थिर आकृतीने) धरून ठेवले की दुसऱ्या टोकाशी येणारा ग्लायडर काटकोनात वळवता येतो, आणि ही यंत्रणा मुळातच ३० पिढ्यांच्या आवर्तनाची असल्यामुळे गॉस्परच्या गनशी तिची चाल जुळते. अट एवढीच की ग्लायडर शटलच्या ठरावीक फेजलाच, म्हणजे आवर्तनातल्या ठरावीक अवस्थेलाच, पोहोचला पाहिजे. स्नार्क केव्हाही आलेल्या ग्लायडरला वळवतो पण त्याला उसंत लागते. बकारूला उसंत लागत नाही पण तो वेळेचा पक्का आहे.

उत्तर २

गॉस्परच्या गनचा आग्रह नसेल तर ट्विन बीज शटलांपासून (अशाच ये-जा करणाऱ्या दुसऱ्या आकृत्यांपासून) बनलेली ४६ आवर्तनाची गन घ्यावी. ४६ हे ४३ पेक्षा जास्त असल्यामुळे तिचा भरगच्च प्रवाहही स्नार्क न अडखळता वळवतो.

उत्तर ३

केवळ तर्कद्वारे समजून घेणे हाच हेतू असेल तर ब्रायन सिल्व्हरमन यांचे वायरवर्ल्ड हे पेशींच्या जाळीचेच वेगळ्या नियमांचे प्रारूप पाहावे. तिथे तार जागच्या जागी राहते, इलेक्ट्रॉन (तिथला संकेत) दर पिढीला एक पेशी पुढे सरकतो, आणि लागोपाठच्या दोन इलेक्ट्रॉनांमध्ये तीन पिढ्यांचे अंतर पुरते. वळणासाठी तार वाकवली की झाले. लाइफमधली झुंज मात्र तिथे नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मला लाइफमध्येच राहायचे आहे. तूर्त एकाआड एक ग्लायडर गाळून प्रवाह ६० वर आणला आहे आणि स्नार्क आता टिकतात. मात्र दोन संकेत जिथे एकमेकांना छेदून नाहीसे व्हायला हवेत तिथे एक संकेत २ पिढ्या लवकर पोहोचतो, आणि टकरीनंतर एक ब्लॉक (चार पेशींचा स्थिर चौकोन) मागे उरतो. चार स्नार्कांचा वळसा घालून तो थोडा उशिरा पोहोचवण्याचा प्रयत्न केला, पण वळसा कितीही लांबवला तरी वेळ जुळत नाही.

उत्तर १

या मांडणीत ती जुळणारच नाही. ग्लायडर कर्णरेषेवर एक पेशी सरकायला ४ पिढ्या घेतो. वळशाचे बाहेरचे दोन स्नार्क एक पेशी दूर नेले की जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा एकेका पेशीने वाढतात, म्हणजे उशीर ८ पिढ्यांनी वाढतो. त्याहून बारीक पायरी वळशाला नाही. ६० च्या आवर्तनात ८ च्या पटी मोजत गेल्यास ८, १६, २४ असे करत शेवटी ४ ने भाग जाणारेच फरक हाती येतात, त्यामुळे २ चा फरक कधीच भरून निघत नाही. प्रवाह ३० चा असता तर बाहेरची जोडी ४ पेशी सरकवून ३२ पिढ्यांचा उशीर मिळाला असता, म्हणजे एक पूर्ण आवर्तन आणि वर हव्या त्या २ पिढ्या. अर्थात तिथे स्नार्कऐवजी बकारू लागले असते. ४६ च्या प्रवाहात तेच काम ६ पेशींत, म्हणजे ४८ पिढ्यांत होते. दोन्हीकडे संकेत एका आवर्तनाने मागे पडतो, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही तेवढा उशीर मोजून ठेवावा.

फरक विषम असेल तर ३०, ४६ आणि ६० हे तिन्ही आकडे कुचकामी आहेत, कारण ८ ची पट आणि सम आवर्तन यांच्या वजाबाकीतून विषम संख्या निघू शकत नाही. ४५ सारखे विषम आवर्तन घेतल्यास जोडी १७ पेशी सरकवून १३६, म्हणजे तीन आवर्तने आणि १ पिढी, असा उशीर मिळतो. तसेच, छेदणाऱ्या दोन प्रवाहांपैकी एक थेट स्वतंत्र गनकडून येत असेल तर वळशाची गरजच नाही. ती गन हव्या तितक्या पिढ्या पुढे चालवून त्या अवस्थेत जाळीवर ठेवली की काम होते. आपल्या मांडणीत दोन्ही संकेत एकाच गनमधून फुटलेले असावेत असे दिसते, म्हणून आधी उत्तर २ मधली ४६ ची गन बसवून पाहावी.