प्रतिसाद : धुऱ्याचा दावा समन्सवरच अडकलाय

भाऊ, तुम्ही विचारलं की धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) दाव्यात प्रतिवादीला काढलेलं समन्स (कोर्टाचं बोलावणं) दोनदा परत आलं, आता कोर्ट आपोआप तिसरं काढेल का. नाही. समन्स न बजावता परत आल्याची नोंद कोर्टात झाल्यापासून ७ दिवसांत नव्या समन्साचा अर्ज वादीनंच, म्हणजे दावा लावणाऱ्यानं, द्यायचा (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ९ नियम ५). नाहीतर त्या प्रतिवादीपुरता दावा निकाली निघू शकतो. बेलिफाचा (समन्स घेऊन जाणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा) शेरा आधी वाचा. 'पत्ता अपूर्ण' असेल तर टोला, वॉर्ड, घर क्रमांक टाकून दुरुस्त पत्ता द्या. जुन्याच पत्त्यावर पुन्हा भत्ता (समन्स बजावणीचा खर्च) भरून काही होत नाही.

समन्स बजावल्यावर कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) ३० दिवस, कारण पटलं तर ९० पर्यंत. २००५ च्या कैलास विरुद्ध नन्हकू या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ही मर्यादा साध्या दिवाणी दाव्यात लवचीक ठरवली, त्यामुळं प्रतिवादी त्यापुढेही मुदत मागतात. तेव्हा विरोध लेखी नोंदवा आणि खर्च मागा.

खरा घात होतो तो प्रतिवादी वारल्यावर. मृत्यूपासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. तो उघडायला पुढचे ६० दिवस, त्यानंतर विलंब माफीचा अर्ज. शेजारच्या शेतातली मयत गावाला माहीत असते, वकिलाला कोण सांगणार? ग्रामपंचायतीतून मृत्यू दाखला काढून लगेच पोचवा.

कापूस वेचणीत तारीख हुकून दावा गैरहजेरीत निकाली निघाला, तर पुनर्स्थापनेचा (दावा पुन्हा चालू करण्याचा) अर्ज ३० दिवसांत.