डेथ आणि ब्लॅक मेटलमधला फरक कानाने कसा ओळखायचा?

मेटालिका, स्लेयर हे मेटल बँड भरपूर ऐकून झालेत, आता डेथ नि ब्लॅक हे मेटलचे दोन प्रकार सुरू केलेत पण मला दोन्ही सारखंच वाटतंय. नेमकं काय ऐकायचं?

रातकिडा: आधी गळा ऐका. डेथमध्ये गायक खोल घुरघुरतो, गिटार खाली ट्यून केलेली, सगळं जाड नि भरीव, फ्लोरिडाच्या 'डेथ' बँडचा १९८७ चा पहिला अल्बम लावा. ब्लॅकमध्ये चिरका आवाज, गिटारवर स्वर सलग भरभर छेडत राहतात, नॉर्वेच्या डार्कथ्रोनसारख्या बँडचं रेकॉर्डिंग तर मुद्दाम कच्चं, बास शोधावा लागतो.

ढोलवाला: ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा एकदम वेगवान मारा, दोन्हीकडे असतो, त्यामुळे नुसत्या ड्रम्सवरून ठरवू नका. डेथमध्ये रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा वाजणारी छोटी धून, सतत मोडतात, ताल बदलतो. ब्लॅकमध्ये तोच रिफ कितीतरी वेळ चालू ठेवतात, त्यातच खरी मजा आहे.

संथगती: डूम, म्हणजे संथ नि जड मेटल, विसरू नका हो! ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली होती, १९७१ च्या अल्बमला त्याने गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा सैल पडल्या की दाबायला सोप्या. तो जड आवाज पुढे डूमवाल्यांनी उचलला. हेडफोन लावून ऐकाच.