आयोनायझरमुळे कॉम्प्युटर आणि मनी प्लांट खराब होतो का?

प्रश्न (धरणगाव)
राम राम मंडळी. जिनिंगच्या आवारात १० बाय १२ ची ऑफिसची खोली आहे. दोन कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर, खिडकीत मनी प्लांट. कापसाच्या तुसासाठी आयोनायझर (हवेत ऋणभार सोडून धूळ खाली बसवणारं यंत्र) मॉनिटरमागच्याच सॉकेटला लावलाय. आता भिंत आणि स्क्रीन काळपट पडतेय, पानांवर बारीक तपकिरी ठिपके आलेत. प्रिंटरही कागद नीट ओढत नाही. दोष आयोनायझरचाच का?

उत्तर (भुसावळ)
भाऊ, काळपटपणा त्याचाच. त्याच्या सुईच्या टोकावर काही हजार व्होल्ट असतात. तिथला ऋणभार धुळीवर बसतो आणि ती धूळ जवळच्या भिंतीला, स्क्रीनला चिकटते. धूळ खोलीतच राहते, फक्त जागा बदलते. कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या पंख्यात तूस अडकला की आत उष्णता कोंडते आणि कॅपॅसिटर फुगतात. खरी भीती ती.

आयोनायझर कॉम्प्युटरपासून निदान मीटरभर लांब, वेगळ्या सॉकेटला लावा. अर्थिंगही बघा. न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटर २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी ओतत राहा. कॅबिनेट उघडण्याआधी आयोनायझर बंद करून अर्थ केलेल्या धातूला हात लावा, नाहीतर अंगावरचा स्टॅटिक चार्ज रॅमवर उतरतो.

उत्तर (शहादा)
झाडाच्या बाबतीत संशय आयोनायझरमधून निघणाऱ्या ओझोन वायूवर घ्या. तो पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि ठिपके पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात पडतात, जुन्या पानांवर आधी. पण कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीडही असेच ठिपके पाडते. पान पांढऱ्या कागदावर झटका. कण चालू लागले तर कोळीच. मग पानं खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसा. कोळी नसेल तर आयोनायझर दोन-तीन आठवडे बंद ठेवून नव्या पानांकडे लक्ष द्या. जुने ठिपके जाणार नाहीत.

उत्तर (जळगाव)
ओझोनची यूएल ८६७ या अमेरिकी सुरक्षा मानकातली मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे. बंद खोलीत तिखट वास येत असेल तर यंत्र लगेच बंद करा. सुईवर तूस साचला तरी ओझोन वाढू शकतो. प्लग काढा, थोडं थांबा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने सुई पुसा.

प्रिंटरचा कागद ओढणारा पिकअप रोलर आधी ओलसर, तूस न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. रबरावर बारीक भेगा दिसल्या तर मात्र रोलर बदला, ओझोन रबराला भेगा पाडतो.

माझं मत, हेपा फिल्टरचं (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचं) यंत्र घ्या, पण पुढे धुता येणारी जाळी हवीच. हंगामात ती आठवड्याला धुवा, नाहीतर हेपा तुसाने लवकर तुंबेल. एक्झॉस्ट फॅन बसवू नका, तो आवारातला तूस दाराच्या फटीतून आत ओढेल.