क्लिकर वाजला की कुत्री पलंगाखाली!

सायली_नाशिक: आमच्याकडे गावठी कुत्री आहे, मिरी, अजून वर्षाचीही नाही. बेल वाजली की दाराकडे झेपावते आणि येणाऱ्याच्या अंगावर पाय टाकते. सासूबाईंच्या हातावर ओरखडे आहेत, दूधवाला पिशवी कडीला अडकवून पळतो. क्लिकर मागवला, म्हणजे कुत्र्याला शिकवताना दाबून वाजवायची छोटी डबी, तर 'टक्' झालं की ही पलंगाखाली. सासरे म्हणतात, पेपरची गुंडाळी करून एक ठेवून दे. काय करू?

भटका: सासऱ्यांचं ऐका. गावाकडे कुठे होते क्लिकर?

ठाण्याची_मावशी: भटका, गावाकडे बेल तरी कुठे होती? कुत्रं अंगणात, माणूस लांबूनच हाक मारायचा.

सायली, क्लिकर तूर्त ठेवून दे. आतली पत्र्याची पट्टी बंद खोलीत फार कर्कश वाजते. बॉलपेनचं बटण वापर, नाहीतर 'हां' म्हण, दर वेळी त्याच सुरात. जादू त्या डबीत नसते, नेमक्या क्षणी खूण देण्यात असते. डॉल्फिनला पोहता पोहता मासा देता येत नाही, म्हणून 'हेच हवं होतं' एवढं शिट्टीने सांगायचं, मासा मागून. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर १९६०च्या दशकात हवाईत हेच करायच्या. कुत्रेवाल्यांपर्यंत ते त्यांच्यामुळेच जास्त पोचलं.

आधी नुसतं टक्, मग खाऊ. दोन्ही एकदम नको, आवाज आधीच. आवाजासरशी तिने तुझ्या हाताकडे मान वळवली की समजलं तिला. खाऊ म्हणजे चिकनची उकडलेली कलेजी, वाटाण्याएवढी. पनीर चालेल. मनुका अजिबात नको, कुत्र्यांना विषारी.

मग बेल, पण फोनवर रेकॉर्ड केलेली, अगदी बारीक आवाजात. चारही पाय जमिनीवर दिसले की टक्, आणि खाऊ खाली टाकायचा, म्हणजे तोंड खालीच राहतं. उडी मारली तर पाठ फिरव. ओरडणं, ढकलणं नको, तिला तो खेळच वाटतो. आवाज हळूहळू वाढव. खाऊ घेईनाशी झाली तर घाई झाली समज, पुन्हा कमी कर. गुंडाळीने मारलंस तर पाहुणा आला की मार बसतो, एवढंच ती शिकेल. मग गुरगुरायला लागली तर नवल नको.

सायली_नाशिक: पेनला घाबरत नाही! पण माझं टक् होईपर्यंत पाय वर गेलेला असतो.

ठाण्याची_मावशी: मिरीला आतल्या खोलीत ठेव आणि सासऱ्यांना चेंडूचे टप्पे टाकायला लाव. चेंडू जमिनीला टेकला त्याच क्षणी टक् जमलं पाहिजे. मिरीसमोर चुकून वाजलं तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर त्या आवाजावरचा तिचा भरवसा उडतो.

भटका: रोज कलेजी? परवडतं का?

ठाण्याची_मावशी: 'बस', 'थांब' वगैरेला पोळीचा तुकडाही पुरतो, आणि तेवढं तिच्या जेवणातून कमी करायचं. बेलेला मात्र कलेजीच. सायली, दूधवाल्यासमोर सध्या पट्टा बांधूनच आण.