फ्लॅट आणि मुलीची पोटगी एकत्र करू नका

ताई, वेगळं होताना ‘पाथर्डी फाट्याचा फ्लॅट तुझ्या नावावर करतो, मग मुलीच्या खर्चाचं नाव काढायचं नाही’ असं तुमचे यजमान म्हणताहेत, आणि वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी ‘घर मिळतंय तर घेऊन मोकळ्या व्हा’ असं सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. पोटगीचा हक्क मुलीचा स्वतःचा आहे. तुम्ही तो लिहून सोडलात, तरी कोर्ट पुढे तिच्यासाठी रक्कम ठरवू शकतं.

फ्लॅटचं मात्र नीट बघा. कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर तुमच्या आपसातल्या कराराशी बँकेला काही देणंघेणं नसतं. यजमानांनी हप्ते थांबवले की वसुली तुमच्याकडेही येणार. म्हणून यापुढे कर्जदार कोण, हे आधी बँकेकडून लेखी घ्या. मग हक्कसोडपत्र, म्हणजे यजमानांनी फ्लॅटमधला आपला हिस्सा तुमच्यासाठी सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसत्या नोटरीने फ्लॅट नावावर होत नाही.

पोटगीच्या अर्जात दोघांनाही मिळकत-देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात ते सक्तीचं केलंय. ‘पगार एवढाच’ म्हणून यजमानांनी त्यात दिंडोरीची द्राक्षबाग वगळली, तर सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पावत्या पुढे ठेवा. त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे बोलणी चालू आहेत म्हणून अर्ज लांबवू नका. दागिन्यांची यादीही आजच करा, फोटोंसकट. स्त्रीधन तुमचंच आहे, ते फ्लॅटच्या हिशेबात धरू देऊ नका.