अवधाण चोळू नका, आधी पाय तपासा

ठाण्यातल्या वंदना एसटी स्टँडजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर दोन दिवसांनी जांघेत गाठ आली, ती शेकून चोळली तर बसेल का, असं एकाने विचारलंय. चोळू नका. ते अवधाण आहे, म्हणजे पायाच्या जखमेमुळे जांघेत सुजलेली गाठ. मूळ बहुधा पायाच्या चिरेत किंवा बोटांमधल्या चिखल्यांत असेल.

केशवाहिन्यांतून (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून) झिरपलेल्या द्रवापैकी रोज सुमारे ३ लिटर लसिकावाहिन्या नावाच्या वेगळ्या बारीक नळ्यांतून रक्तात परततो. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचं स्वतःचं आकुंचन, पोटरीचे स्नायू आणि एकेरी झडपा यांवर काम चालतं. पायाचा द्रव वाटेत जांघेतल्या लसिकागाठींत गाळला जातो. तिथे जंतूंचे अंश ओळखणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, म्हणून गाठ फुगते, दुखते. म्हणजे पहारा जागा आहे!

जखम साबणाने धुवा, बोटांमध्ये कोरडं ठेवा, पाय उंचावर ठेवा. पायावर लाल रेघ वर चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. (त्या पाण्यातून चालला असाल तर अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या प्रतिबंधक गोळीचंही विचाराच, ७२ तासांच्या आत.) न दुखणारी, टणक, हलत नसलेली गाठ मात्र जास्त काळजीची, तिच्यासाठी थांबूच नका. साधं अवधाणही ३ आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवा.